३०० ब्लूमचे टाइप ए जिलेटिन: जखमेसाठी नॅनोकण करून पाहिल्यानंतरचे परीक्षण

जिलेटिन ही आमच्या कपाटातली अशी वस्तू होती, की बरणी संपली की तीच दुसरी मागवायची आणि लेबल पुन्हा वाचायचेही नाही. गेल्या वर्षभरात मी एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या दोन बरण्या वापरल्या. भुकटी डुकराच्या कातडीपासून आम्लप्रक्रियेने काढलेली, म्हणजे टाइप ए, आणि ताकद ३०० ब्लूम. काम दोन्ही वेळा एकच होते: लवकर न भरणाऱ्या जखमेवर लावण्याच्या जेलमध्ये डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सावकाश सोडणारे नॅनोकण तयार करणे. पहिल्या बरणीने फारसा त्रास दिला नाही; दुसरीने दोन महिने खाल्ले, आणि लेबल मात्र दोन्हींवर अक्षरशः एकच होते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही तक्रार तिच्यापुरती नाही असे माझे आता मत झाले आहे. जिलेटिन ज्या रीतीने तयार होते आणि ज्या एका आकड्यावर विकले जाते, त्यातच या तक्रारीचे मूळ आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर नॅनोकण करायला शिकण्यासाठी आणि पद्धत बसवण्यासाठी ही भुकटी चांगली आहे. जखमेवर जे प्रत्यक्ष लावायचे आहे त्याच्यासाठी ती मी पुन्हा घेणार नाही.

भुकटी दिसायला फिकट पिवळी, रवाळ आणि जवळजवळ गंधहीन आहे. झाकण घट्ट बसते, आतली पिशवी मात्र एकदा फाडली की पुन्हा बंद होत नाही, आणि इथे हा दोष किरकोळ नाही. जिलेटिन हवेतली ओल धरून ठेवते आणि बाजारात मिळणाऱ्या भुकटीत मुळातच साधारण ९ ते १४ टक्के पाणी असते. म्हणजे १.२५ ग्रॅम भुकटी मोजली, तर तिच्यात प्रत्यक्ष जिलेटिन १.१ ग्रॅमच्या आसपास निघते. महिनाभर उघडझाक झालेल्या बरणीत हा हिशेब आणखी सरकतो आणि द्रावणाची तीव्रता बदलली की कणांचा आकारही बदलतो. मी शेवटी लहान लहान बाटल्यांत भुकटी वाटून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डेसिकेटरमध्ये ठेवली आणि दर आठवड्याला एक बाटली वाळवून तिच्यातले पाणी मोजले. ही सोय विकणाऱ्याने करून द्यायला हरकत नव्हती.

आता त्या आकड्याकडे येते. लेबलवर सर्वांत ठळक अक्षरे आहेत ती ‘३०० ब्लूम’ ही. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ साली सरस आणि जिलेटिन यांची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले, आणि त्यांचे नाव मापाला चिकटले ते कायमचेच. ६.६७ टक्क्यांचे द्रावण १० अंश सेल्सियसला १६ ते १८ तास थिजू द्यायचे, १२.७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या त्यावर टेकवायचा आणि पृष्ठभाग ४ मिलिमीटर दाबला जायला किती ग्रॅमचा भार लागतो ते पाहायचे. व्यापारी जिलेटिन साधारण ५० ते ३०० च्या दरम्यान येते, तेव्हा ३०० म्हणजे जवळजवळ वरचे टोक. ढोबळमानाने ब्लूम जास्त असेल तर सरासरी रेणुभारही जास्त असतो आणि म्हणूनच नॅनोकणांच्या बहुतेक पाककृतींत जास्त ब्लूमचे जिलेटिन सांगितलेले असते. पण हे माप थिजलेल्या जेलच्या घट्टपणाचे आहे. नॅनोकण घडतात ते गरम पाण्यात मोकळ्या झालेल्या प्रथिनाच्या साखळ्यांपासून, आणि त्या साखळ्यांत लांब किती, तुटक्या किती, याचे उत्तर दट्ट्या देत नाही. त्यातच उत्पादक वेगवेगळ्या उकळींतून निघालेले जिलेटिन एकत्र मिसळून ठरलेल्या ब्लूमचा माल तयार करतात. हा त्या उद्योगातला रीतसर व्यवहार आहे आणि जेली किंवा कॅप्सूल करणाऱ्याचे त्यात काहीही बिघडत नाही. नॅनोकण करणाऱ्याचे मात्र बिघडू शकते, कारण दोन वेगवेगळ्या मिश्रणांचा ब्लूम सारखाच येऊनही आतली साखळ्यांची वाटणी निराळी असू शकते.

मी वापरलेली पद्धत नवी नाही. पाण्यात विरघळलेल्या प्रथिनाभोवतीचे पाणी अॅसिटोन किंवा अल्कोहोलने ओढून घेतले, की साखळ्या आक्रसून कणांच्या रूपाने बाहेर पडतात. मार्टी, ओपनहाइम आणि श्पायझर यांनी १९७८ साली या मार्गाने नॅनोकण केले होते. जिलेटिनच्या बाबतीत अडचण अशी, की त्यात सुमारे एक लाख डाल्टन (रेणुभाराचे एकक) वजनाची एकेरी साखळी असते, तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे जोड असतात आणि शिवाय तुटक्या साखळ्यांचा मोठा भरणा असतो. हे सगळे एकाच वेळी बाहेर काढायला गेले, की कणांचे आकार वाटेल तसे येतात आणि गुठळ्या होतात. २००० साली कोएस्टर, क्रॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांची रीत मांडली. तिच्यात पहिल्या टप्प्यात लांब साखळ्या तेवढ्या खाली बसवून तुटक्या साखळ्या निवळीबरोबर टाकून द्यायच्या, आणि दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या लांब साखळ्यांचेच कण करायचे. जिलेटिनची भुकटी कशी आहे याची खरी परीक्षा पहिल्याच टप्प्यात होते, त्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिते.

भुकटी आधी थंड पाण्यात अर्धा तास फुगू द्यावी. थेट गरम पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे असे गोळे होतात आणि ते फोडत बसावे लागते. फुगलेले दाणे मग ५० अंशांपर्यंत तापवले, की पाच-दहा मिनिटांत स्वच्छ, फिकट मधाच्या रंगाचे द्रावण होते. या भुकटीचे द्रावण दोन्ही वेळा छान स्वच्छ झाले, तळाशी कचरा राहिला नाही. ६० अंशांच्या वर ते फार वेळ ठेवू नये, कारण साखळ्या तुटत जातात. २५ मिलिलिटर पाण्यातल्या ५ टक्के द्रावणात तेवढेच अॅसिटोन एकदम ओतले, की चंचुपात्रात आधी पांढरे ढग उठतात, मग ढवळणीच्या लोहकांडीभोवती डिंकासारखा पांढुरका, लवचीक गोळा गुंडाळला जातो. तो खाली बसला की वरची गढूळ निवळ ओतून द्यायची. पहिल्या बरणीचा गोळा असा होता, की चिमट्याने उचलला तर तार सुटल्यासारखा लांबला, पण तुटला नाही. निवळ ओतताना तो भांड्याच्या तळाला घट्ट धरून राहिला. मला तेव्हा त्याचे कौतुक वाटले नाही, कारण तो तसाच असतो असे मी समजत होते.

दुसऱ्या टप्प्यात हा गोळा पुन्हा २५ मिलिलिटर पाण्यात तापवून विरघळवायचा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २.५ वर आणायचा. टाइप ए जिलेटिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या सामूला त्यावरचा धन आणि ऋण भार सारखा होतो तो बिंदू, ७ ते ९ च्या दरम्यान असतो. त्यामुळे २.५ ला साखळ्यांवर भरपूर धनभार असतो आणि त्या एकमेकींना दूर ठेवतात. मग मिनिटाला ६०० फेरे या वेगाने ढवळत अॅसिटोन थेंबाथेंबाने सोडायचे. सुरुवातीला काहीच घडत नाही, थेंब पडतो त्या जागी क्षणभर पांढरा ठिपका दिसतो आणि विरतो. मग एका विशिष्ट प्रमाणापुढे तो विरेनासा होतो आणि सगळ्या द्रावणावर आधी निळसर झाक येते, पाठोपाठ पातळ दुधासारखा रंग चढतो. ती निळसर झाक म्हणजे कण प्रकाश विखुरण्याजोगे झाल्याची खूण आहे; ती टप्प्याटप्प्याने आली तर आकार सारखे येतात, एका क्षणात दाट पांढरी झाली तर बहुधा गुठळ्या झालेल्या असतात. पहिल्या बरणीचे कण सलग अनेक खेपांना २०० नॅनोमीटरच्या आगेमागे आले, आणि आकारांतला फरक दाखवणारा बहुविकीर्णता निर्देशांक ०.१ च्या जवळ राहिला. इथपर्यंत ही भुकटी मी कोणालाही डोळे मिटून सुचवली असती. (एक सूचना जाता जाता: अॅसिटोनसाठी काचेची पिचकारी वापरावी. पॉलिस्टायरीनचे पिपेट अॅसिटोनमध्ये मऊ पडतात आणि त्यातला पदार्थ कणांत उतरतो. शिवाय तापत्या पाटाशेजारी हा ज्वालाग्राही द्रव असतो, तेव्हा धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर हे काम करूच नये.)

दुसरी बरणी उघडली त्या दिवशी माझी कनिष्ठ सहकारी खेप लावत होती. थोड्या वेळाने ती येऊन म्हणाली, “मॅडम, गोळा धरतच नाहीये, सगळं भुरकट झालंय.” मी पाहिले तर चंचुपात्राच्या तळाशी घट्ट गोळ्याऐवजी सैल साका होता, निवळ ओततानाच त्यातला निम्मा बरोबर जाऊ लागला. तरी तसेच पुढे गेलो. दुसऱ्या टप्प्यात निळसर झाक नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा, जास्त अॅसिटोन गेल्यावर दिसली आणि दिसता दिसता पांढरी झाली. कण ४०० नॅनोमीटरच्या वर आले आणि निर्देशांक ०.३ च्या पलीकडे गेला. पहिल्यांदा दोष सामू-मापकाला दिला, मग अॅसिटोनला, मग तापमानाला, आणि खरे सांगायचे तर सहकारीच्या हातालाही दिला, ज्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. तीन आठवड्यांनी पहिल्या बरणीच्या तळाशी उरलेल्या भुकटीची खेप लावली आणि ती नेहमीसारखी उत्तम आली, तेव्हा कुठे बरणीवर संशय गेला.

मग दोन्ही नमुने एसडीएस-पेजच्या, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्या लांबीप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या चाचणीच्या, जेलमध्ये शेजारी शेजारी चालवले. पहिल्या बरणीच्या रकान्यात एकेरी साखळ्यांचे दोन पट्टे, त्यांच्या वर जोडसाखळ्यांचा पट्टा आणि अगदी माथ्याशी तिहेरी साखळ्यांचा जाड डाग, असे सर्व ओळखता येत होते. दुसऱ्या रकान्यात हे पट्टे फिकट होते आणि त्यांच्याखाली तळापर्यंत धुरकट फराटा ओढलेला होता. तो फराटा म्हणजे तुटक्या साखळ्या. विक्रेत्याला छायाचित्रांसह पत्र लिहिले. उत्तर सौजन्यपूर्ण होते आणि त्यासोबत दोन्ही खेपांची विश्लेषण-प्रमाणपत्रे आली: ब्लूम, ओल, राख, सामू, जडधातू, सर्व काही मर्यादेत. रेणुभाराच्या वाटणीचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण ती मोजण्याचे कोणी कबूलच केलेले नव्हते. तक्रार फेटाळली असे म्हणता येत नाही, ती नोंदवण्यासाठी रकानाच नव्हता इतकेच. अशा भुकटीवर पहिला टप्पा दोनदा केला, तर कण पुन्हा चांगले येतात हे आम्ही करून पाहिले. पण निम्म्याहून अधिक जिलेटिन फेकून द्यावे लागते आणि मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर ही उधळपट्टी परवडणारी नाही.

कण तयार झाले तरी ते तेवढ्याने टिकत नाहीत, अॅसिटोन उडून जाताच पुन्हा विरघळू लागतात. म्हणून साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. मूळ कृतीत २५ टक्क्यांच्या ग्लुटाराल्डिहाइडचे २५० मायक्रोलिटर घालून रात्रभर ढवळतात. जिलेटिनमधल्या लायसिनचे अमिनो गट या अल्डिहाइडशी जुळतात आणि सकाळपर्यंत पांढऱ्या दुधाला पिवळट छटा आलेली असते. हा भाग सोपा आहे, धुणे अवघड. सेंट्रिफ्यूजमध्ये १६,००० जी बलाने २० मिनिटे फिरवून पाण्यात पुन्हा विखुरायचे, असे तीनदा. पहिल्या बरणीच्या कणांचा साका हलक्या हाताने हलवला तरी मोकळा व्हायचा. दुसरीच्या कणांचा साका नळीच्या तळाला पापडीसारखा बसायचा.

ग्लुटाराल्डिहाइड पेशींना विषारी आहे आणि जखमेच्या तळाशी नवी त्वचा घडवणाऱ्या पेशीच उघड्या असतात, त्यामुळे इथे हलगर्जीपणा चालत नाही. तिसऱ्या धुण्याची निवळ शिफच्या अभिकारकाला (अल्डिहाइड असले की तो जांभळा होतो) रंग देईनाशी झाली, म्हणून आम्ही समाधानी होतो. मग सहज म्हणून कणच त्या अभिकारकात टाकले आणि ते जांभळे झाले. निवळीत अल्डिहाइड उरले नव्हते, पण एका टोकाने जिलेटिनला जुळलेले आणि दुसरे टोक मोकळे असलेले रेणू कणांच्या अंगावर होतेच. त्यानंतर ही मोकळी टोके बांधून टाकण्यासाठी प्रत्येक खेपेला कण ग्लायसिनच्या द्रावणात दोन तास ठेवणे हा नियम झाला. जेनिपिन हा वनस्पतिजन्य पर्याय पेशींना बराच सौम्य आहे आणि तोही आम्ही वापरून पाहिला. त्याला वेळ जास्त लागतो हे सोसता येते. परंतु कण गडद निळे होतात, आणि जखमेचा रंग पाहूनच तिची अवस्था ठरवणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना निळे जेल लावलेली जखम दाखवणे मला पटत नाही.

जिलेटिनच का, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. याचे उत्तर जखमेतच आहे. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेत प्रथिने कापणारी विकरे प्रमाणाबाहेर वाढलेली असतात, आणि त्यांपैकी एमएमपी-२ व एमएमपी-९ या दोघांचे दुसरे नावच जिलेटिनेज आहे. म्हणजे जिथे ही विकरे जास्त, तिथे कण लवकर फुटणार आणि औषध जास्त सुटणार. जखमेतल्या बिघाडावरच औषध सोडण्याची चावी बसवता येते, ही या पदार्थाची खरी मोहिनी आहे. प्रयोगशाळेत आम्ही जिवाणूंपासून मिळणारे कोलॅजिनेज वापरले. ३७ अंशांना विकर घातलेल्या नळीतले दुधाळ द्रावण काही तासांत निवळत गेले, शेजारची विकर नसलेली नळी दुसऱ्या दिवशीही तशीच पांढरी होती. डोळ्यांना दिसणारा असा निकाल या क्षेत्रात क्वचित मिळतो. ग्लुटाराल्डिहाइड दुप्पट केले, की मात्र हा फरक जवळजवळ पुसला जातो. बांध इतके दाट होतात, की विकराला साखळी कापायला वाव राहत नाही. टिकाऊपणाच्या हौसेपायी पुष्कळ जण हे करतात.

आमच्या बाबतीत या चावीला एक गमतीशीर पेच पडला. डॉक्सीसायक्लिन जिवाणूंना रोखते, तसेच ते एमएमपी विकरांनाही रोखते. म्हणजे कण फोडणारे विकर कण फोडते, आतून औषध निघते आणि त्याच विकराला आवळते. एका परीने हे चांगलेच आहे, कारण वाढलेली विकरे आटोक्यात यावीत हाच तर उपचाराचा एक हेतू आहे. पण औषध सुटण्याचा वेग सुरुवातीच्या तासांवरून पुढे मोजत गेलो तर फसतो. याचा दोष भुकटीला देता येत नाही, औषध मी निवडले होते.

भुकटीला देता येईल असा मोठा आक्षेप टाइप ए असण्याबद्दल आहे. निरोगी त्वचेचा सामू ४ ते ६ असतो, तर जुनाट जखमेत तो बहुधा ७.१५ ते ८.९ च्या दरम्यान सापडतो. टाइप ए जिलेटिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट नेमका याच पट्ट्यात येतो. २.५ सामूला एकमेकांपासून अंतर राखणारे कण जखमेतल्या सामूला भार गमावतात आणि एकत्र येतात. अमिनो गट ग्लुटाराल्डिहाइडने खर्च केल्यामुळे आणि त्यावर ग्लायसिन जोडल्यामुळे हा बिंदू बराच खाली सरकतो हे खरे, पण किती सरकेल ते बांधांच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि आमच्या काही खेपांचे झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांवरचा भार दाखवणारे माप, ७.४ सामूला शून्याच्या इतके जवळ आले, की बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अर्ध्या तासात डोळ्यांनी दिसणारे पुंजके झाले. तुलनेसाठी गुरांच्या कातडीपासून चुन्याच्या प्रक्रियेने काढलेले २२५ ब्लूमचे टाइप बी जिलेटिन घेतले. अल्कलीच्या दीर्घ प्रक्रियेत त्यातल्या अस्पॅराजिन आणि ग्लुटामिनचे आम्लांत रूपांतर होते, म्हणून त्याचा बिंदू ५ च्या आसपास असतो आणि जखमेच्या सामूला त्यावर ठळक ऋणभार राहतो. त्याच्या कणांचा आकार मला टाइप ए इतका नेटका साधला नाही, पण बफरमध्ये ते दिवसभर सुटे राहिले. पेशींची वाढ घडवणारे बीएफजीएफसारखे प्रथिन भरायचे असेल, तर त्याचा स्वतःचा बिंदू ९ च्या वर असल्यामुळे ते धनभारित असते आणि टाइप बीला आपोआप धरून राहते. ब्लूमचा आकडा मोठा म्हणून टाइप ए निवडणाऱ्यांनी हा विचार आधी करावा. मी केला नव्हता.

औषध भरण्याविषयी थोडक्यात. औषध जिलेटिनबरोबर आधीच मिसळून कण केले, तर ते आत अडकते, मात्र धुण्यात पुष्कळ निसटते; तयार कण औषधाच्या द्रावणात भिजवले, तर ते पृष्ठभागावर बसते आणि जखमेत तसेच भरभर सुटते. आमच्या भिजवलेल्या कणांतून निम्म्याहून अधिक डॉक्सीसायक्लिन पहिल्या दोन तासांत बाहेर आले. मुक्त अमिनो गट असलेली जेंटामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन यांसारखी औषधे ग्लुटाराल्डिहाइड घालण्यापूर्वी मिसळू नयेत, कारण ती जिलेटिनशी कायमची बांधली जातात आणि कागदावरचा ‘औषधभरणा’ उत्तम दिसत असतानाच जखमेत काही पोहोचत नाही.

आता ज्या मुद्द्यावर ही भुकटी माझ्या दृष्टीने नापास झाली, तो मुद्दा. औषध न भरलेले, नीट धुतलेले, ग्लायसिनच्या द्रावणात ठेवलेले कण मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर घातले, तेव्हा त्या पेशी टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन जोरात सोडू लागल्या. जिलेटिनच्या नॅनोकणांनी दाह होतो असा निष्कर्ष आम्ही जवळजवळ लिहून ठेवला होता. मग त्याच प्रयोगात पॉलिमिक्सिन बी घातले आणि प्रतिसाद बहुतेक ओसरला. पॉलिमिक्सिन हे जिवाणूंच्या बाह्यकवचातल्या एंडोटॉक्सिनला जखडून ठेवते, तेव्हा दोषी कोण हे उघड झाले. कातडी आणि हाडे यांच्यापासून पाण्यात उकळून काढलेल्या पदार्थात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष असणे यात नवल काहीच नाही. एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी केली, तर कोऱ्या भुकटीचे द्रावण कितीतरी पट पातळ केल्यावरच मोजण्याच्या पल्ल्यात आले. दोन्ही बरण्या या बाबतीत सारख्याच निघाल्या. एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना नष्ट होत नाही. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत भाजून ते घालवतात, आणि तो उपाय जिलेटिनला लावणे अशक्य आहे. म्हणजे ते मुळातच कमी असलेला माल घ्यावा लागतो. तसा माल स्वतंत्र दर्जा म्हणून मिळतो, आणि त्याच्या प्रमाणपत्रावर एंडोटॉक्सिनचा आकडा छापलेला असतो. या भुकटीच्या प्रमाणपत्रावर तो रकाना नाही. आधीच दाहाने पेटलेल्या जखमेवर हे लावून उपचाराचा परिणाम मोजणे म्हणजे मोजपट्टीलाच आग लावण्यासारखे आहे.

निर्जंतुकीकरणाचीही अडचण आहे, पण ती या भुकटीची खास अशी नाही. २०० नॅनोमीटरचे कण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीत अडकतात, वाफेत जिलेटिनच्या साखळ्या तुटतात, आणि गॅमा किरणांनीही काही प्रमाणात तुटतात. आम्ही सगळे काम निर्जंतुक कपाटात, गाळलेल्या द्रावणांनी केले. गोठवून वाळवताना ५ टक्के ट्रेहॅलोज ही साखर घातली, तर कण पाण्यात पुन्हा सुटे होतात. न घालता वाळवले, तर कापसासारखी पांढरी वडी मिळते, पाण्यात ती फुगते पण विखुरत नाही.

तर ही भुकटी कोणी घ्यावी? ज्यांना दोन टप्प्यांची पद्धत हाताखाली आणायची आहे, आकार आणि बहुविकीर्णता यांवर ढवळण्याचा वेग, सामू, अॅसिटोनचा दर यांचा परिणाम शिकायचा आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. नवशिक्याला ती पुरेशी क्षमाशील आहे, निदान चांगली खेप हाती लागली तर. मात्र एका प्रकल्पाला लागेल तेवढा सगळा माल एकाच खेपेचा घ्यावा, बरणीवरचा खेप-क्रमांक वहीत लिहावा, आणि मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी नमुना मागवून त्याचा एसडीएस-पेज आणि पहिल्या टप्प्यातला गोळा या दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. दुसऱ्या परीक्षेला यंत्रही लागत नाही. पेशींवर किंवा प्राण्यांवर ज्यांचे काम जाणार आहे, त्यांनी मात्र सुरुवातच कमी एंडोटॉक्सिनच्या मालाने करावी. पद्धत एका जिलेटिनवर बसवून मग दुसऱ्यावर नेऊ, हा मी केलेला हिशेब चुकला, कारण नव्या जिलेटिनवर अॅसिटोनचे प्रमाण, सामू आणि बांधांची मात्रा हे सगळे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागले.

तिसरी बरणी टाइप बीची आणि कमी एंडोटॉक्सिनची मागवली आहे. यावेळी मागणीपत्रात रेणुभाराची वाटणी कळवावी असे लिहिले होते. विक्रेत्याने ती कळवलेली नाही, पण दहा ग्रॅमचा नमुना आधी पाठवला आहे. सहकारीने काल त्याचा पहिला टप्पा करून पाहिला आणि चंचुपात्र उलटे धरून दाखवले. गोळा तळाशी चिकटून होता.